घट

भांडी बाजारात देवही किलोवर जातात.
मी काट्यापाशी बसते, अकरा वर्षं झाली.
गिऱ्हाईक आधी पाया पडतं, मग भाव करतं,
कधी कधी उलट.

धनत्रयोदशीआधीचा आठवडा म्हणजे
लक्ष्मीच लक्ष्मी, खोक्यांतून,
गवताच्या गुंडाळीत निजून आलेल्या.
बसलेली दाखवा, उभी नको, उभी निघून जाते.
हत्ती दोन्ही हवेत. उंची वितीच्या आत.
हातातून नाणी पडताना दिसली पाहिजेत
आणि चेहरा जरा हसरा बघा ना, ताई.
चेहरे सगळे एकाच साच्यातले.
पण तीच मूर्ती फडक्याने पुसून
तिसऱ्यांदा पुढे ठेवली की हसरी वाटते,
एवढं मला धंद्यानं शिकवलंय.

तो आला दुपारी, बाजार जेवायला गेलेला असताना.
अंबडच्या कुठल्याशा कारखान्याचा निळा शर्ट,
रुमालात गाठ मारून आणलेली मूर्ती.
गाठ सोडायला त्याला वेळ लागला.

नाक नव्हतं. डोळ्यांच्या जागी दोन खळगेही नव्हते.
हत्तींच्या सोंडा पोटात विरघळलेल्या,
नाण्यांचा हात म्हणजे नुसता गुळगुळीत उंचवटा,
साबणाची वडी उरते शेवटी, तसा.
म्हणाला, मोडीत घ्या. हिला तोंडच नाही,
ही घराकडे बघणार कशी?
दुसरी पाळी बंद झाली आमची, श्रावणापासून.

मी उलटी केली. पाटाखाली टाकीनं कोरलेलं:
सौ. यमुना धोंडगे. वजन चाळीस तोळे.
काट्यावर तीनशे एक्क्याण्णव ग्रॅम.

तोळ्यांचा हिशेब मी पाटीवर करून दाखवला.
पंच्याहत्तर ग्रॅम कमी.
शिवाय मोडीला शेकडा आठ घट धरतो आम्ही,
दिगंबरशेठचा नियम आहे, सगळ्यांना सारखा.

गेलं कुठे पंच्याहत्तर ग्रॅम? त्यानं विचारलं,
आवाजात थोडा संशय, काट्यावर नजर.
मी म्हटलं, कोण धुवायचं हिला?

आधी चुलती, म्हणाला. मग आई, दर शुक्रवारी,
चिंच न् राख, पुढे लिंबाची साल.
मग आमची ही. घासते तर अशी
की बांगड्यांचा आवाज बाहेरच्या खोलीत येतो.
थांबला.
आईची बोटं कायम काळपट असायची, म्हणाला,
त्याच हातानं भाकरी.

मी काही बोलले नाही. मला येतं ते वजन.
नवरात्रात आपण घट बसवतो
आणि दुकानात घट धरतो,
एवढंच आपलं माझ्या मनात येऊन गेलं.
एका घरात सत्तर वर्षं
कणाकणानं सांडत राहिलेलं पितळ:
मोरीत, पदराला, भाकरीच्या पिठात,
पोरांच्या पोटात गेलेलं,
आणि हा विचारतोय, हिनं दिलं काय.

नवी घेतली त्यानं. चाळीस रुपये पाडूनच घेतली.
जुनीही रुमालात बांधली परत,
या वेळी गाठ सैल.
पायरीवरून वळून विचारलं,
दोन लक्ष्म्या एका देव्हाऱ्यात चालतात का हो?
मला माहीत नव्हतं. चालत असतील, म्हटलं.

संध्याकाळी वही लिहिली.
विक्री: एक. मोड: नाही.
घटीच्या रकान्यात मात्र
पंच्याहत्तर लिहून बसले होते मी.
शेठ उद्या विचारतील. विचारू देत.
नळाखाली हात धरले, दिवसभराच्या पुसण्यानं
अंगठ्याच्या रेघांत काळं बसलेलं होतं.
अर्धवटच निघालं.
घरी कणीक भिजवायची होती.